पुढे गरम आहे

बाबांनी बसायच्या आधी खुर्चीची पाठ धरून ती जरा हलवून पाहिली. मागचा डावा पाय डुगडुगत होता. काही न बोलता त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली, शेजारच्या टेबलाची रिकामी खुर्ची ओढली, तीही हलवून पाहिली आणि मगच बसले. गिरगावातल्या एका उपाहारगृहात त्यांनी ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची वीस गल्ल्यावर. कुठल्याही हॉटेलात शिरलं की त्यांचा हात आधी खुर्चीकडे जातो आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे.

शुक्रवार होता, पाऊण वाजायला आला होता. पॅरिसच्या अकराव्या विभागात, बॅस्टिलच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर, आमच्या घराच्या कोपऱ्यावर ही ब्रासरी आहे. बाहेर लाल कापडी छपराखाली टेबलांच्या दोन ओळी, आत लांबलचक काउंटर, भिंतीला लागून लाल रेक्झिनची सलग बाकं आणि त्यांच्या वर भिंतभर आरसे. टेबलं इतकी चिकटून की बाकावर बसायचं तर वेटर आधी टेबल बाहेर ओढतो, तुम्ही आत सरकता, मग तो टेबल पुन्हा जागेवर लावतो. मी इथे आठ वर्षं जेवते आहे. काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेले पदार्थ मला न वाचता सांगता येतात. तरी बाबा महिनाभर राहायला आले आणि माझ्यासमोर बसून त्यांनी ही जागा बघायला सुरुवात केली, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी फक्त माझ्या ताटात बघत होते.

पहिली दहा मिनिटं ते बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "तीन माणसं वाढायला आहेत आणि साठ जेवायला. टेबलं वाटून दिलेली दिसतात. तो उंच आहे ना, तो खांबाच्या पलीकडे जातच नाही बघ."

खरं होतं ते. इथे प्रत्येक वेटरचा पट्टा ठरलेला असतो, त्याला 'राँ' म्हणतात, म्हणजे रांग. त्या रांगेत कोण कधी आलं, कुणाचं मांस कमी शिजवायचं, कुणाला कॉफी गोडाच्या आधी लागते, हे सगळं त्या एकाच्या डोक्यात. आमच्या रांगेचा वेटर पन्नाशी ओलांडलेला, काळं जाकीट, त्याला चारपाच खिसे, कमरेला पांढरा लांब एप्रन. तो स्वयंपाकघरातून आला तेव्हा डाव्या हातावर तीन ताटल्या होत्या. एक अंगठा आणि दोन बोटांच्या पकडीत, दुसरी तिच्याखाली सरकवून उरलेल्या बोटांवर, तिसरी मनगटावर तोललेली. उजवा हात मोकळा, दार ढकलायला. तीन ताटल्या तीन माणसांपुढे ठेवल्या, वळता वळता मागच्या टेबलावरची रिकामी बुट्टी आणि दोन पेले उचलले, आणि आत.

"आत जाताना रिकाम्या हातानं जात नाही, बाहेर येताना रिकाम्या हातानं येत नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जे होतं ते मी फार वर्षांनी ऐकत होते. गावाहून नवा पोऱ्या आला की बाबा त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. पगार, सुट्टी, राहायची सोय हे सगळं नंतर. पहिल्यांदा हे.

तेवढ्यात आतून मोठ्यांदा आरोळी आली, "शो द्वाँ!" काउंटरपाशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं बोलणं न थांबवता आपोआप अर्धं पाऊल मागे सरकली आणि मधून वाफाळतं भांडं निघून गेलं.

"काय ओरडला तो?"

"पुढे गरम आहे."

बाबांचा चेहरा उजळला. "आमच्याकडे 'बाजू, गरम!' म्हणायचे. तेच की हे."

'ब्रासरी' या शब्दाचा मूळ अर्थ बिअर तयार करायची जागा. जेवायची जागा हा अर्थ नंतर चिकटला, आणि तो चिकटण्यामागे एक लढाई आहे. बिअर आणि आंबवलेला कोबी ही फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आल्सास प्रांताची खासियत. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला आणि १८७१ च्या मे महिन्यात फ्रँकफर्टच्या तहानं आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. तिथल्या लोकांना दीडेक वर्षाची मुदत मिळाली: फ्रेंच राहायचं असेल तर घरदार सोडून फ्रान्समध्ये निघून या. हजारो माणसं निघाली. त्यातली कितीतरी पॅरिसला आली आणि जे हातात होतं त्यावर त्यांनी पोट भरायला सुरुवात केली, म्हणजे बिअर आणि 'शुक्रूत', कोबी नि सॉसेजची ती भलीमोठी परात. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर 'बोफँजे' आहे, ती मात्र युद्धाच्या आधीची, १८६४ ची, आल्सासहून आलेल्या फ्रेदेरिक बोफँजे यांनी काढलेली. नदीच्या पलीकडे, बुलव्हार सँ-जर्मेंवरची 'लिप' १८८० ची, तीही आल्सासच्याच माणसाची. आज त्या नामांकित झाल्या आहेत, तिथे पर्यटकांच्या रांगा असतात. सुरुवात मात्र गाव सुटलेल्या लोकांनी एकमेकांना आपल्या गावचं जेवण वाढण्यातून झाली.

त्यांच्याही आधीपासून येत होते ओव्हेर्नचे लोक, मध्य फ्रान्सच्या डोंगरातले. तिथली जमीन खडकाळ आणि हिवाळा कडक, म्हणून पुरुष पॅरिसला यायचे. आधी घरोघरी पाणी वाहायचे, मग कोळसा. कोळशाच्या वखारीतच एका बाजूला फळी टाकून वाइन विकायची. नवरा कोळशाची पोती पाठीवर घेऊन पाच-पाच मजले चढायचा आणि बायको गल्ला सांभाळायची. पॅरिसच्या लोकांनी त्यांना नाव पाडलं 'बुन्या'. पाठीवर कोळसा वाहणाऱ्यांनी पुढे शहरातले कितीतरी कॅफे विकत घेतले. 'लिप'सुद्धा १९२० मध्ये मार्सलँ काझ यांच्याकडे आली, आणि तेही त्याच डोंगराळ मुलखातल्या अव्हेरों जिल्ह्याचे. आमच्या इथून जवळच रू द लाप नावाची अरुंद गल्ली आहे, ती एकेकाळी ओव्हेर्नच्या लोकांची आळीच होती.

मी हे सांगत होते तेव्हा बाबा पावाचा तुकडा मोडत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आपल्याकडे इराणी आले ते असेच. उडुपीवाले असेच. आमचे मालकही असेच, राजापूरहून." आणि थोड्या वेळानं, "घर सुटलेल्या माणसालाच कळतं की बाहेर जेवणाऱ्याला काय लागतं."

हे वाक्य त्यांचं आहे. मी ते इथे जसंच्या तसं ठेवते, कारण आठ वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

तर जेवण. बाबांनी पाटीवर पहिल्यांदा ओळखला तो 'ओन्यों', कांदा. कांद्याचं सूप, वर पावाचा तुकडा आणि भट्टीत खरपूस झालेलं चीज. त्यांना तेच हवं होतं. मी वेटरला सांगितलं तसा तो थांबला, माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघून म्हणाला, "मॅडम, आमचं सूप गाईच्या हाडांच्या पाण्यात करतात. मस्यूंना चालेल का?" चालणार नव्हतं. या सुपात बहुतेक ठिकाणी तेच पाणी असतं आणि पाटीवर तसं लिहिलेलं नसतं, हे इथे येणाऱ्या आपल्या माणसांनी जरूर लक्षात ठेवावं. आपणहून विचारणारा वेटर मला फार क्वचित भेटला आहे. बाबांनी मला विचारून आभाराचा फ्रेंच शब्द शिकून घेतला आणि त्याच्याकडे बघून म्हटला.

मग अंडं घेतलं. 'अफ मायोनेझ', उकडलेली अंडी अर्धी कापून उपडी ठेवायची आणि वर मोहरीचा झणका असलेलं घट्ट मेयोनीज पांघरायचं. बस्स, इतकंच. पण एवढ्याशा पदार्थावर या लोकांचा इतका जीव की त्याच्या रक्षणासाठी खाद्यसमीक्षक क्लोद लबे यांनी संघटना काढली आणि आता त्याची स्पर्धाही भरते. बाबांनी पहिला घास घेतला. "अंड्यावर अंड्याचीच चटणी," ते म्हणाले, आणि पावानं बशी लख्ख पुसून घेतली. इथे बशी पावानं पुसणं हे स्वयंपाक्याला दिलेलं शाबासकीचं पत्रच. बुट्टी रिकामी झाली तशी वेटरनं न विचारता नवी आणली, पाण्याची सुरईही.

"याचे किती लावतात?"

"काही नाही."

जेवणाच्या किमतीत पाव आणि साधं पाणी धरलेलंच असतं, तसा सरकारी नियमच आहे, १९६७ पासून. जेवण वाढायची मजुरीही किमतीतच येते, शेवटी वेगळी लावत नाहीत. बाबांना हे फार आवडलं. त्यांच्या दुकानात आमटी दुसऱ्यांदा फुकट वाढायची की नाही यावरून मालकाशी त्यांचा वर्षानुवर्षं वाद होता. बाबा म्हणायचे वाढायची.

शुक्रवारी इथे पाटीवर बहुधा मासा असतो. शुक्रवारी मांस वर्ज्य, ही कॅथलिक रीत. आता पाळणारे थोडे उरलेत, पण रीत जाऊनही पाटी तशीच राहिली. "म्हणजे यांच्या उपासाला मासा!" बाबा म्हणाले. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार मासळी बंद आणि इथे मुद्दाम वार लावून मासळी. त्या दिवशी पाटीवर होता 'ब्रांदाद'. लोखंडी तव्यासारख्या छोट्या भांड्यात, वरून तांबूस पापुद्रा धरलेला, कडेला तेलाचे बुडबुडे अजून फुटत असलेला. बाबांनी काट्यानं पापुद्रा फोडला. आत पांढरं, मऊ, बटाट्यासारखं काहीतरी. त्यांनी घास तोंडात घेतला आणि चावायचं थांबले.

"खारवलेला आहे."

हो. मीठ लावून वाळवलेला कॉड. तो रात्रभर, कधी पुरा दिवसभर पाण्यात घालायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं, मग मंद आचेवर शिजवून काटे काढायचे आणि लसूण, ऑलिव्हचं तेल, दूध घालून घोटायचा. वर उकडलेल्या बटाट्याचा थर देऊन भट्टीत. मूळ पदार्थ दक्षिणेतल्या नीम गावचा, जिथे कॉड मिळतच नाही. कॉड थंड उत्तरेच्या समुद्रातला, आणि मीठ दक्षिणेत कामार्गच्या मिठागरांतलं. मिठासाठी मासेवाले तिकडे जायचे, खारवलेले मासे बदल्यात द्यायचे, आणि समुद्रापासून दूरच्या घरांत हे असं जेवण शिजायला लागलं.

बाबांना यातलं काही सांगायची गरज नव्हती. ते राजापूरजवळच्या खाडीकाठच्या घरात पोचले होते. त्यांची आजी वैशाखात बांगडे चिरून, आत खडे मीठ भरून, मातीच्या मडक्यात थरावर थर लावून ठेवायची, पावसाळ्याची बेगमी. आषाढात होड्या बंद झाल्या की त्यातला एकेक काढून रात्री पाण्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी पेज आणि तो. "तिचं पाणी मी बदलायचो," बाबा म्हणाले. "तीनदा. चौथ्यांदा बदललं की मारायची, चव जाते म्हणून." या आजीबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण हे पाण्याचं कधीच ऐकलं नव्हतं. सत्तरीतल्या माणसाच्या तोंडून एक नवी आठवण निघायला पॅरिसच्या कोपऱ्यावरचं हे तापलेलं भांडं लागलं.

त्यांनी भांड्याचा तळ खरवडला. मग गोड काय, तर कॅरमल कस्टर्ड. त्याला भाषांतर लागलं नाही. इराण्याकडे खाल्लेलंच ते.

सव्वादोन झाले. कॉफी संपली. आता बाबा अस्वस्थ व्हायला लागले. आधी घड्याळ बघितलं, मग दाराकडे. दारात चौघं टेबलाची वाट बघत उभी होती. वेटर दोनदा आमच्या शेजारून गेला, थांबला नाही.

"बिल का आणत नाही?"

"मागितल्याशिवाय आणणार नाही."

"मागितल्याशिवाय?"

इथे न मागता बिल टेबलावर ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं. तो अपमान समजतात. जोवर तुम्ही हात वर करून 'लादिस्यों' म्हणत नाही, तोवर टेबल तुमचं. बाबांना हे पटवायला वेळ लागला. त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर काळ्या रंगाची पाटी होती, 'गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसू नये'. मजकूर मालकाचा, अक्षर बाबांचं. शेवटचा घास गिऱ्हाइकाच्या तोंडात असतानाच पोऱ्या ओलं फडकं घेऊन यायचा आणि पोऱ्या विसरला तर बाबा बोटानं खूण करायचे. गिऱ्हाईक गल्ल्यापाशी पोचायच्या आधी तिथून आवाज यायचा, "दोन माणसं, अठ्ठावीस रुपये!" दुपारी बारा ते तीन राईस प्लेट, एकेका टेबलावर चार चार वेळा माणसं बदलली तर भाडं, पगार आणि तेल सुटायचं. ते कठोर नव्हते. हिशोबच तसा होता.

"मग यांचा गल्ला कसा चालतो?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. सहसा ते स्वतःच उत्तर काढतात. याही वेळी काढलं, पण त्याला पुढचे दोन शुक्रवार लागले.

त्यांनी बघितलं ते असं. दुपारी बारा ते दोन ही खरी झुंबड, तिला इथले लोक 'कू द फ' म्हणतात, बंदुकीचा बार उडाल्यासारखी. त्या दोन तासांत जवळपासच्या ऑफिसांतले लोक येतात, त्यांची जेवणाची सुट्टी ठरलेली, ते आपोआप उठतात. त्यांच्यासाठी दोन पदार्थांचा ठरलेला बेत, ठरलेल्या किमतीत, आधीच शिजवून ठेवलेला, म्हणजे स्वयंपाकघरावर ताण नाही. बरेच जण ऑफिसनं दिलेल्या जेवणाच्या कार्डावर पैसे भरतात, त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त भार कंपनी उचलते. हीही १९६७ चीच सोय. बाबा म्हणाले, "आमच्या खानावळीतल्या मासिक पासासारखं." दोननंतर साधी रेस्टॉरंट बंद होतात ती थेट सातला उघडतात. ब्रासरीचं स्वयंपाकघर चालू राहतं, तिचं वेगळेपण तेच. तीन वाजता भूक लागलेला ड्रायव्हर, चार वाजता दवाखान्यातून सुटलेली बाई, पाच वाजता नाटकाची तालीम संपवून आलेली पोरं, सगळे इथेच येतात. काउंटरला उभं राहून कॉफी प्यायली तर स्वस्त, टेबलावर तीच कॉफी महाग. म्हणजे जागेचं भाडं कॉफीच्या किमतीत आलं. "दुपारच्या दोन तासांत भाडं काढतात," बाबांनी निकाल दिला, "आणि उरलेल्या दिवसात माणसांना बसू देतात."

मला तेव्हा माझा इथला पहिला हिवाळा आठवला. ज्या कंपनीसाठी मी पॅरिसला आले, तिनं सहा महिन्यांनी करार वाढवला नाही. नोव्हेंबर होता, पाचलाच अंधार पडायचा, खोलीतलं हीटर महाग म्हणून मी ते लावत नव्हते. रोज दुपारी तीनला इथे येऊन आरशाखालच्या बाकावर बसायचे, एक कॉफी मागवायचे आणि अर्ज लिहीत राहायचे. सात वाजेपर्यंत. तीन आठवडे. त्या काळात मला कुणी एकदाही 'आणखी काय आणू' असं विचारलं नाही. एकदा पाऊस फार होता तेव्हा याच वेटरनं पाण्याच्या सुरईबरोबर पावाची बुट्टी ठेवली, जेवण नसताना, आणि काही न बोलता गेला. मी त्या शहरात कुणाची कुणी नव्हते. पण त्या बाकावर माझी जागा होती. ब्रासरीबद्दल लिहायचं तर मला हेच लिहायचं आहे.

म्हणून १४ मार्च २०२० ची रात्र माझ्या लक्षात आहे. शनिवार होता, आठच्या सुमाराला पंतप्रधानांनी जाहीर केलं की मध्यरात्रीपासून सगळी रेस्टॉरंट आणि कॅफे बंद. इथे शेवटच्या तासाला जो तो काउंटरला येऊन उभा राहिला. बाराच्या ठोक्याला खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या. मधला उन्हाळा सोडला तर पुन्हा ऑक्टोबरअखेर कुलूप. १९ मे २०२१ ला फक्त बाहेरची टेबलं उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मी छत्री उघडून बसले, माझ्यासारखी पन्नास माणसं बसली होती, कॉफीत पावसाचे थेंब पडत होते आणि कुणी उठायला तयार नव्हतं.

बाबांना एका संध्याकाळी मी रू द शारोनवरून फिरायला नेलं. तिथे कोपऱ्यावरच्या कॅफेजवळ नावं कोरलेला फलक आहे, १३ नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यात तिथे गेलेल्यांचा. शुक्रवारच्या रात्री बाहेर टेबलांवर बसलेली माणसं होती ती. बाबा सगळी नावं वाचत उभे राहिले, एकेक अक्षर लावत. मग म्हणाले, "लिओपोल्ड." तो कॅफे १८७१ चा, आल्सासची माणसं पॅरिसला पोचत होती त्याच वर्षी मुंबईत इराण्यांनी काढलेला, आणि २६ नोव्हेंबर २००८ ला तिथेही लोक जेवत होते. त्या रात्री बाबा दुकान बंद करून चाळीत परतले होते, आणि तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला पकडलं ती जागा, गिरगाव चौपाटी, आमच्या चाळीपासून लांब नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी शटर अर्धं वर केलं आणि नाक्यावरच्या पोलिसांना चहा द्यायला सुरुवात केली. लिओपोल्डनंही चारपाच दिवसांतच दार उघडलं, भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवून. इथला 'ला बॉन बिएर', २०१५ च्या त्याच रात्री हल्ला झालेला दुसरा एक कॅफे, तीन आठवड्यांत उघडला. परत येताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. कोपऱ्यावर आमच्या ब्रासरीचे दिवे लागले होते, बाहेरची एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि आतून "शो द्वाँ!" ऐकू आलं.

बाबांचा शेवटचा शुक्रवार. आम्ही मुद्दाम उशिरा गेलो, तीनच्या सुमाराला. खिडकीपाशी रोजच्या आजी सूप पीत वर्तमानपत्र वाचत होत्या. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि भांडी घासणारा माणूस हात पुसत बाहेर आला होता. तो श्रीलंकेतल्या जाफन्याचा. गेल्या शुक्रवारी बाबांनी त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत ओळख काढली होती आणि आज त्यानं त्यांना बघून मान हलवली.

जेवण झाल्यावर बाबा उठले आणि भिंतीला टेकवलेली ती पहिल्या दिवसाची खुर्ची घेऊन आले. अजून तिथेच होती. बसले, ती उलटी करून मांडीवर घेतली. वाफेनं वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, पाठ आणि मागचे पाय एकाच लांब दांड्याचे, खाली गोल कडं. व्हिएन्नात मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये काढलेल्या घाटाची. मूळ खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढंच. सुटे भाग करून एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या, त्यामुळे त्या जहाजानं जगभर गेल्या, पॅरिसच्या कॅफेत गेल्या आणि मुंबईच्या इराण्याकडेही. बाबांच्या दुकानात याच घाटाच्या चाळीस होत्या. रविवारी रात्री दुकान धुऊन झालं की ते एकेक उलटी करायचे आणि स्क्रू पिळायचे. लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायचे तेव्हा फरशीवर पाय वर करून पडलेल्या खुर्च्यांच्या मधे बसलेले बाबा, हे मला अजून दिसतं. आणि आम्ही आता बसलो होतो तो फोबूर सँ-आंत्वानचा परिसर म्हणजे तर पाचशे वर्षांपासूनची सुतारांची, फर्निचर करणाऱ्यांची वस्ती.

बाबांनी कडं अंगठ्यानं चाचपलं. "लाकूड चांगलं आहे. स्क्रू ढिला आहे नुसता." खिशातून दहा सेंटचं नाणं काढून खाचेत घातलं, पण नाणं जाड होतं, बसेना. त्यांनी टेबलावरची सुरी उचलली आणि लगेच खाली ठेवली. दुसऱ्याच्या दुकानातल्या सुरीचं टोक मोडायचं नाही.

वेटर काउंटरपाशी पेले पुसत हे बघत होता. त्यानं पेला ठेवला, फडकं खांद्यावर टाकलं, आमच्या टेबलापाशी आला आणि वाकून बाबांच्या अंगठ्याखालचा स्क्रू बघितला. बाबांनी खुर्चीचा पाय त्याला हलवून दाखवला. "अ, वुई," तो म्हणाला आणि वळून आत गेला. एक ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

परत आला तेव्हा त्याच्या एका हातात स्क्रू ड्रायव्हर होता. दुसऱ्या हातात आणखी एक डुगडुगणारी खुर्ची होती.